आईच्या रेडिओसाठी घरातलं स्टेशन

आमच्या फ्रिजवर एक रेडिओ आहे. बॅटरीवर चालणारा, काट्याच्या डायलचा, एरियल मधूनच वाकलेली. आईची सकाळ त्याच्यावर १०१ ला, म्हणजे पुण्याच्या विविध भारतीवर सुरू होते. दुपारी तिला कीर्तनं ऐकायची असतात आणि ती मी तिच्या मोबाइलमध्ये भरून दिलीत. पण कणकेच्या हाताने स्क्रीन सरकवायची, मधेच कुणाचा फोन, मधेच कसलीतरी सूचना टुण्णकन वाजणार, हे तिला जमत नाही आणि जमवून घ्यायची इच्छाही नाही. "त्यापेक्षा रेडिओवरच लाव की," असं ती एके दिवशी म्हणाली. तिच्या लेखी ती पाच मिनिटांची गोष्ट होती. माझे बरेच दिवस गेले.

उपाय तसा जुनाच. ज्या गाड्यांच्या स्टिरिओत ब्लूटूथ नसतं त्यांच्यासाठी एक बोटभर यंत्र मिळतं. सिगारेट लायटरच्या खोबणीत खुपसायचं, फोन त्याला जोडायचा आणि गाणं गाडीच्या रेडिओवर ऐकायचं. काहीशे रुपयांचा मामला. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. हे यंत्र म्हणजे अगदी लहानसं, पण खरंखुरं एफएम केंद्र असतं. गाडीऐवजी ते स्वयंपाकघरात लावायचं, एवढीच कल्पना. ते कसं चालतं हे नीट कळलं, की ते किती चालवावं हेही कळतं, म्हणून थोडं खोलात जातो.

एफएम समजावताना बहुतेक जण कागदावर नागमोडी रेघा काढतात. मला गाण्याचा दाखला जवळचा वाटतो. गायकाने एकच सूर धरला आणि आवाज लहानमोठा करत राहिला, तर ते एएम, आपलं जुनं मिडियम वेव्ह. आता दरबारी रागातला कोमल गंधार आठवा. आवाज तेवढाच आहे, पण सूर जागच्या जागी झुलतोय, जरा वर, जरा खाली. हे एफएम. ट्रान्समीटर एक वाहक लहर सोडत राहतो, समजा १०० मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १० कोटी आंदोलनं. कीर्तनकाराचा आवाज या आकड्याला झोका देतो. आवाज जितका मोठा तितका झोका लांब. आवाजाची पट्टी जितकी उंच तितके सेकंदाला झोके जास्त. टाळाची किणकिण आली की हजारो झोके, पखवाजाची भरीव थाप आली की शंभराच्या आसपास. झोका किती लांब जाऊ द्यायचा यालाही मर्यादा आहे, दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झ. म्हणजे डायलवर ज्याला आपण १०० म्हणतो ते स्टेशन खरं तर ९९.९२५ आणि १००.०७५ यांच्या दरम्यान सतत हेलकावत असतं.

याचा फायदा काय, तर खरखर जाते. वीज चमकली, शेजारी मिक्सर लागला, की तो गोंधळ मुख्यतः लहरीच्या उंचीवर येऊन बसतो. एएममध्ये आवाजही त्याच उंचीत साठवलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र ऐकू येतं. एफएमचा रेडिओ उंचीतले चढउतार सरळ छाटून टाकतो आणि फक्त झुलणं वाचतो. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याला या पद्धतीची पेटंटं १९३३ मध्ये मिळाली. आपल्याकडे पहिलं एफएम प्रक्षेपण मद्रासमध्ये व्हायला १९७७ उजाडलं.

आता हे झुलणं घडवायचं कसं? इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी तो एक ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर केलेला असतो. मीही केला होता. बीसी ५४७ हा रुपया-दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर, रिफिलवर गुंडाळून काढलेली पाच-सहा वेढ्यांची तांब्याची कॉइल, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा एक ट्रिमर (म्हणजे कमीजास्त करता येणारा कपॅसिटर, वीज साठवणारा छोटा भाग), छोटा कंडेन्सर माइक आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. कॉइल आणि कपॅसिटर ही जोडी झोपाळ्यासारखी असते. वीज एकातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात अशी हेलकावते, आणि ट्रान्झिस्टर दर झोक्याला हलकासा धक्का देत तो झोपाळा थांबू देत नाही. झोपाळ्याची दोरी किती लांब यावर त्याचा वेग ठरतो, तसा इथे कॉइल आणि कपॅसिटर किती मोठे यावर मेगाहर्ट्झ ठरतात.

या गणितात एक गंमत आहे. ०.१ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि २५ पिकोफॅरडचा कपॅसिटर (ही त्यांची मापं) घेतला तर जोडी जवळपास १०० मेगाहर्ट्झवर जमते. कपॅसिटन्स, म्हणजे कपॅसिटरची वीज साठवायची क्षमता, फक्त १ पिकोफॅरडने वाढला, तर स्टेशन २ मेगाहर्ट्झने खाली घसरतं. १ पिकोफॅरडच्या दहाव्या हिश्शाने वाढला तरी ०.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे स्टेशन हातचं गेलं. आणि एवढा फरक पडायला तुमचा हात कॉइलच्या जवळ जाणं पुरतं, कारण आपलं शरीरसुद्धा एक कपॅसिटरच आहे. म्हणून त्या सर्किटची एक ठरलेली मजा असायची. रेडिओवर आवाज स्वच्छ यायचा, आपण खूश होऊन हात मागे घ्यायचो आणि स्टेशन गायब. हात परत तिथेच नेला की स्टेशन हजर. रात्री अकराला एका हाताने सर्किटवर छत्र धरून दुसऱ्याने रेडिओ जुळवणारी मुलं मी हॉस्टेलवर पाहिली आहेत.

त्याच गणिताची दुसरी बाजूही पाहा. आवाजासाठी जो ७५ किलोहर्ट्झचा झोका हवा, त्याला ०.०४ पिकोफॅरडपेक्षाही कमी फरक पुरतो. माइकमधून येणाऱ्या क्षीण विजेने ट्रान्झिस्टरच्या पोटातला कपॅसिटन्स तेवढा सहज हलतो. म्हणूनच एका ट्रान्झिस्टरमध्ये सगळं भागतं, आणि म्हणूनच ते एका जागी टिकत नाही. बॅटरी उतरली, खोली तापली, कुणी दार उघडून आत आलं, की सूर हलला.

आजच्या स्वस्त यंत्रात ही कटकट नाही. त्यातल्या चिपमध्ये फेज लॉक्ड लूप नावाची व्यवस्था असते. तंबोरा कानाशी धरून आपला षड्ज क्षणोक्षणी ताडून पाहणारा गायक डोळ्यांसमोर आणा. इथे तंबोऱ्याचं काम एक स्फटिक करतो. अशा बऱ्याच चिपना ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक लावलेला असतो, म्हणजे तोच जो तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात आहे. तो स्वस्तही आहे आणि इमानीही. चिप स्वतःचा सूर त्याच्याशी ताडते आणि घसरला की ओढून जागेवर आणते. मग प्रश्न पडतो, आवाजामुळे मुद्दाम झुलवलेला सूरही ती चूक समजून सरळ करणार नाही का? जुन्या पद्धतीच्या चिपमध्ये यावर छान तोड आहे. ही दुरुस्ती मुद्दाम आळशी ठेवलेली असते. बोलण्याच्या वेगाने होणारं झुलणं तिच्या नजरेत भरतच नाही, हळूहळू होणारी घसरण मात्र भरते.

ताकदीबद्दल लोकांचे फार गैरसमज असतात. अशा यंत्रांसाठी युरोपने घातलेली मर्यादा आहे ५० नॅनोवॅट. ब्रिटनमध्ये तर डिसेंबर २००६ पर्यंत ही यंत्रं वापरणं बेकायदाच होतं, मग या मर्यादेत ती चालू दिली. अमेरिका वॅट मोजत नाही. तिथला नियम म्हणतो, यंत्रापासून ३ मीटरवर लहरीचा जोर मीटरला २५० मायक्रोव्होल्टच्या वर जाता कामा नये. आकाशवाणीच्या १० किलोवॅटच्या ट्रान्समीटरशेजारी ५० नॅनोवॅट ठेवून पाहा, फरक २० हजार कोटी पटींचा निघतो. तरीही फ्रिजवरचा रेडिओ हे इवलंसं स्टेशन झकास पकडतो. कारण एक तर रेडिओला फार थोडं लागतं, एरियलवर काही मायक्रोव्होल्ट आले तरी त्याचं काम होतं. दुसरं म्हणजे अंतर. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते, दहापट झालं की शंभरावा हिस्सा. जवळ असण्याला इथे फार किंमत आहे, आणि आमच्या ट्रान्समीटरपासून फ्रिज दोन पावलांवर आहे.

अंतर मोजायला मी खिशातला रेडिओ घेऊन घरभर हिंडलो. हॉलमध्ये स्वच्छ. गॅलरीत बारीक खरखर. जिन्यात एक मजला खाली बोलणं कळत होतं, गाणं ऐकवत नव्हतं. पार्किंगमध्ये काही नाही. मधेच एक चमत्कार दिसला. हॉलमधल्या लोखंडी कपाटापुढे एका जागी आवाज पार गेला आणि हातभर बाजूला सरकलो की परत आला. यात चमत्कार काही नाही. थेट आलेली लहर आणि कपाटावर आपटून परतलेली लहर काही जागी एकमेकींना खोडतात, काही जागी भर घालतात. मी ८८.७ वर होतो, तिथे एका लहरीची लांबी साधारण ३.४ मीटर. आवाज मेलेल्या जागेपासून चांगल्या जागेपर्यंत तिचा पाव भाग, म्हणजे ८५ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणून रेडिओ फ्रिजवर बोलत नसेल तर तो ठोकण्याआधी ओट्यावर ठेवून पाहा. बहुतेक मोबाइलमधला एफएम इअरफोन लावल्याशिवाय चालत नाही त्याचंही उत्तर यातच आहे. इअरफोनची मीटरभर, म्हणजे साधारण पाव लहरीएवढी वायर हीच त्याची एरियल.

रिकामी जागा शोधणं हे या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि तिथेच मी घाई केली. डायल ८८ ते १०८. पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३, १०१, १०७.४ असे ठळक मुक्काम सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांच्यामध्ये दूरगावची अंधुक स्टेशनंही असतात. मी भर दुपारी डायल फिरवला, एका ठिकाणी नुसती खसखस ऐकू आली, रिकामी आहे असं ठरवून यंत्र तिथे लावलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. हातात रेडिओ. "काय हो, तुमच्याकडेपण सगळीकडे कीर्तनच लागतंय का?" ते रोज संध्याकाळी बाहेरगावचं एक स्टेशन ऐकायचे. त्यांच्या खिडकीत लांब एरियल ओढून ते जेमतेम येत असे, आमच्या घरात दुपारी ऐकूही आलं नव्हतं.

काकांच्या रेडिओत जे झालं त्याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. एएमवर दोन स्टेशनं एका जागी आली की दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येतात, मागे एक शिटी वाजत राहते. एफएमचा रेडिओ तसं करत नाही. त्यातलं जे जोरकस असेल त्याला धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण गिळून टाकतो. फरक फार मोठा असावा लागत नाही. त्यामुळे काकांना अडथळा आल्यासारखं वाटलंच नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांचं स्टेशनच बदललं होतं. दूरवरचा कित्येक किलोवॅटचा ट्रान्समीटर माझ्या बोटभर यंत्रापुढे हरला, कारण मी त्यांच्या डोक्यावर दहा फुटांवर होतो. मी माफी मागितली, यंत्र तेव्हाच बंद केलं. मग दोन रात्री आणि दोन दिवस चारही वेळांना ऐकून ८८.७ ठरवलं आणि काकांच्या घरी त्यांच्याच रेडिओवर तपासून आलो. रिकाम्या जागेची खूण अशी की खसखस भरघोस, एकसारखी येते. खसखस अचानक दबली तर तिथे काहीतरी आहे, ऐकू येत नसलं तरी. दोन्ही बाजूंना ०.२ सरकवूनही पाहायचं. १०८ च्या काठापासून तर लांबच राहावं. त्याच्या पलीकडची पट्टी विमानांना धावपट्टीची दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांची आहे.

नियमांचं बोलायचं तर आपल्याकडे हा विषय कधीच सैल नव्हता. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा बिनतारी कायदा आणि आता त्यांच्या जागी आलेला २०२३ चा दूरसंचार कायदा, तिघांचा गाभा एकच. रेडिओलहरी सोडणाऱ्या यंत्राला सरकारचा परवाना हवा, नाहीतर नियमांत दिलेली सूट तरी हवी. जुन्या पिढीला आठवत असेल, एकेकाळी नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यातलं 'राघव एफएम मन्सूरपूर १' आठवतंय? एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने घरी बनवलेल्या ट्रान्समीटरवर गावाचं स्टेशन चालवलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि २००६ मध्ये परवाना नाही म्हणून ते बंद झालं. गावासाठी बोलायचं असेल तर सामुदायिक रेडिओ हा सरळ रस्ता आहे. तो व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळतो, आणि १०० वॅटच्या मर्यादेत चालतो. म्हसवडची माणदेशी तरंग ९०.४ वर तशीच चालते. ऑनलाइन ५ वॅट, १५ वॅटचे ट्रान्समीटर ढिगाने दिसतात, 'रेंज अमुक किलोमीटर' असं छातीठोक लिहिलेलं. किंमत पाहून बोट शिवशिवतं, पण ते घेऊ नका. एका छोट्या संगणकबोर्डाच्या पिनला तार लावून स्टेशन काढायची युक्तीही फिरते. त्या पिनमधून चौकोनी लहर निघते आणि तिच्यात तिप्पट, पाचपट मेगाहर्ट्झचा कचरा असतो. तुम्ही १०० वर बोलताय असं समजता आणि ३०० वरही बोलत असता.

आणि एक, हे स्टेशन सगळ्यांचं आहे. त्याला कुलूप नाही. कुणी या यंत्राला माइक जोडून पाळण्यापाशी ठेवतो, बाळ रडलं तर हॉलमध्ये कळावं म्हणून. त्या खोलीतलं प्रत्येक बोलणं शेजारच्या रेडिओवरही जातं, हे त्याच्या लक्षात येत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. फोनचा आवाज पूर्ण वाढवला तर झोका मर्यादेबाहेर जातो आणि 'स', 'श' फाटतात. मी साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवतो. स्टिरिओला मोनोपेक्षा बराच जोरकस सिग्नल लागतो, म्हणून यंत्रात किंवा रेडिओत मोनो करायची सोय असेल तर करावी, खरखर लगेच उतरते. कीर्तनकार डावीकडे उभे होते की उजवीकडे याने आईला काही फरक पडत नाही. टीव्हीचा आवाज आजोबांच्या रेडिओवर न्यायचा असेल तर ब्लूटूथ टाळून आवाजाची वायर थेट यंत्रात घाला. ब्लूटूथने आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. एफएमला उशीर होत नाही.

वेळ खाल्ला तो विजेने. गाडीचं यंत्र १२ व्होल्टवर चालतं, म्हणून आधी यूएसबीवर चालणारं एक तसलंच यंत्र आणलं आणि मोबाइलच्या स्वस्त चार्जरवर लावलं. कीर्तनामागे गुणगुण, जणू माजघरात भुंगा शिरलाय. चार्जर आतून वीज सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करून पाच व्होल्ट बनवतो आणि त्याचा गाळ आवाजात उतरतो. मग पॉवरबँक लावली. आवाज एकदम शांत. वीसेक मिनिटांनी आई म्हणाली, "तुझे बुवा मधेच उठून गेले." पॉवरबँकेला वाटलं होतं की फोन भरला. एवढं छोटं यंत्र इतकी कमी वीज ओढतं की पॉवरबँक आपणहून बंद होते. शेवटी गाडीचंच यंत्र, बाद झालेल्या वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि लायटरची एक सुटी खोबण अशी जोडणी केली. जोडताना मधली टोकाची पट्टी धन, बाजूची ऋण, हे आधी मीटरने तपासायचं. यातली बरीच यंत्रं वेगळी एरियल देत नाहीत, पुरवठ्याची वायरच एरियल म्हणून वापरतात. त्यामुळे ॲडॉप्टरची वायर सरळ सोडली तर पल्ला वाढतो, गुंडाळी करून ठेवली तर घटतो. मी गुंडाळी करून रबर लावलाय. आता जिन्यात काही ऐकू येत नाही. काकांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही.

काट्याच्या डायलवर ८८.७ शोधणं आईला चष्म्याशिवाय जमत नव्हतं. तिने आपल्या डबीतल्या दोन टिकल्या काढल्या, लाल १०१ वर, हिरवी ८८.७ वर. ट्रान्समीटर जागचा हलत नाही, पण जुना रेडिओ सकाळी गार असताना आणि दुपारी तापल्यावर किंचित वेगळ्या जागी लागतो. हिरवी टिकली एकदा तांदळाच्या दाण्याएवढी उजवीकडे सरकवावी लागली.